एकशे बारावं घर

बारकू आगिवलेच्या घरी मी एकूण चार वेळा गेले. तीन वेळा कामाला गेले. चौथ्या वेळी का गेले ते ओघात कळेल.

आटगाव स्टेशनवर उतरून कसाऱ्याच्या दिशेने रुळाकडेने वीस मिनिटं चाललं की डाव्या हाताला टेकाडावर वाडी लागते. सतरा घरं. दिवाळी झाली की त्यातल्या चौदा घरांच्या दारांना दोरी बांधलेली दिसते, कारण माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मागे उरतात चालता न येणारी दोन-तीन म्हातारी, थोडी कुत्री आणि बारकू. बारकूला जाता येत नाही. तो रेल्वेत कीमन आहे.

कीमन म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. शहापूरहून कल्याणच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला मी एकतीस वर्षं याच रुळांवरून गेले, तरीही. रोज सकाळी सहाला हा माणूस खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि बगलेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन निघतो आणि आपल्या वाट्याचा रूळ, म्हणजे आपली बीट, पायी तपासतो. जाताना एक बाजू, येताना दुसरी. रूळ धरून ठेवणारी क्लिप सैल दिसली की ठोकायची. तडा दिसला की लाल झेंडी लावायची, मग मागून कोणतीही गाडी येवो. काय सापडलं ते डायरीत लिहायचं. चौतीस वर्षं तो हे करतो आहे. रुळावरची बाकीची माणसं दहा-बाराच्या टोळीने काम करतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, भांडतात. कीमन एकटा चालतो.

आता माझं काम सांगते. मुंबईतल्या एका संस्थेने मुलांना होणारी मारहाण आणि त्यांची हेळसांड यांचा अभ्यास काढला होता. लहान मुलाला विचारता येत नाही, म्हणून त्याला सांभाळणाऱ्यालाच विचारायचं. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, परदेशात तयार झालेली. गेल्या महिन्यात मुलाला मारलंत का? वाईट नावाने हाक मारलीत का? एकटं ठेवलंत का? पोटभर जेवण मिळालं नाही असं झालं का? ‘कधीच नाही’ म्हटलं की शून्य, ‘एकदा’ म्हटलं की एक, ‘रोज’ म्हटलं की चार. शेवटी बेरीज. ही प्रश्नावली शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चालते का, हे तपासायचं होतं. मराठी भाषांतर माझं, तपासणी माझी, आणि घरोघर जाऊन विचारायला मुरबाडची रविना. समाजकार्यात एम.ए., स्कूटीवर फिरणारी, चटपटीत पोरगी.

प्रश्नावली तपासणं म्हणजे तराजू तपासणं. एकच धोंडा दोनदा ठेवला तर दोन्ही वेळा तेच वजन दाखवतो का, हे पहिलं. त्यासाठी त्याच घरी पंधरा दिवसांनी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतात. आणि तो धोंड्याचं वजन दाखवतो की दुकानदाराच्या अंगठ्याचं, हे दुसरं. त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एकशे अकरा घरं झाल्यावर मी आकडे पाहिले. शून्य, शून्य, दोन, शून्य, एक, शून्य.

“रविना,” मी म्हटलं, “या दोन तालुक्यांत महिनाभरात एकाही पोराच्या पाठीत धपाटा बसलेला नाही. आपण राहतो तो हाच मुलूख ना ग?”

“मी काय करू मॅडम? सगळे चहा ठेवतात आणि नाही म्हणतात.”

मुरबाडकडच्या एका मोठ्या घरी मी स्वतः तिच्याबरोबर बसले होते. ओटीवर झोपाळा, कपाटावर वेताची छडी, सहा वर्षांची नात दाराच्या आड. आजोबांनी चाळीस वेळा “छे छे, कधीच नाही” म्हटलं. मधेच पंखा लावायला त्यांनी हात वर केला, तर पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. बेरीज शून्य. पंधरा दिवसांनी पुन्हा शून्य. मी मुंबईला फोन केला. प्रकल्प सांभाळणारा अनिल हुशार मुलगा आहे, वाईट नाही. तो म्हणाला, “मॅडम, स्कोअर शून्य आहे. तुम्हाला काय वाटलं याला फॉर्ममध्ये जागा नाही.” मग मी माझ्या नावाने बाल संरक्षण कमिटीला वेगळं पत्र लिहिलं. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.

आणि मग एकशे बारावं घर. गेल्या वर्षीचा जानेवारी. रविना शहापूरला माझ्या घरी आली, चपला न काढता दारातच उभी राहिली आणि कागद पुढे केला. बेरीज एकतीस.

“पंधराच्या वर गेलं की कळवावं लागतं, मॅडम. अनिल सर बाल संरक्षणवाल्यांना कळवतात. मुलीला तिथून हलवतात पण.”

“मारलं का त्याने पोरीला?”

“एकदा, म्हणाले. पाठीत. गाडी न बघता रूळ ओलांडला म्हणून. मी ‘बरं बरं’ म्हटलं, तर मलाच म्हणाले, ‘फुडचा इचारा.’ प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून आठवत बसतात. मॅडम, मला भीतीच वाटली. असं कोणी करत नाही.”

ही पोरगी म्हणजे मनस्वी. आठ वर्षांची, तिसरीतली. बारकूच्या भाचीची मुलगी. भाची दर्शना काविळीने गेली, तिच्या नवऱ्याने भट्टीवरच दुसरं लग्न केलं आणि तो मुरबाडकडे राहिला. अडीच वर्षांची मनस्वी कोणाकडे ठेवायची यावर नातेवाईक बोलत बसले असताना बारकूने तिला कडेवर घेतलं आणि तो चालू लागला. त्याची बायको बाळी त्याआधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं.

त्या रविवारी मी पहिल्यांदा गेले. बारकू अंगणात बसून पोरीच्या दप्तराचा बंद शिवत होता. वाळलेला, काळा, ताठ पाठीचा माणूस. वय सत्तावन्न. पोरगी पायरीवर बसून त्याला सूचना देत होती.

“आजा, तिकडून नाय. उलटं झालं. परत उसव.”

“गप गो माकडतोंडे.”

“हे रोजचं का?” मी विचारलं.

“रोजचं,” बारकू म्हणाला. “ल्हिवलंय ना त्या बायनं. वाईट नावानं हाक. रोज. चार मार्कं.”

पोरगी खुदकन हसली. “मी पण याला म्हणते. टकल्या म्हणते. माझी मार्कं कोण घेणार?”

मी कागद काढला आणि एकेक विचारलं. पोरीला एकटं ठेवता? ठेवतो. कामावरचे सव्वीस दिवस. सहाला मी जातो, ती उठते, भाकर खाते, दाराला कडी घालते, दहाला शाळेत जाते. शेजार? शेजार भट्टीवर. सोडून देण्याची धमकी दिलीत? दिली. “लय आगाऊपणा केलास तं मुरबाडला बापाकडं धाडीन, असं म्हणलं. दोनदा.” जेवण कमी पडलं? “एकदा. भाजी नव्हती. मीठभाकर खाल्ली.”

“अहो बारकूभाऊ, मीठभाकर म्हणजे उपासमार नव्हे.”

“तुमी इचारलंत ना, पुरं जेवण दिलं का. भाजी नव्हती. मंग पुरं कसं?”

मला राग आला. त्याचा नव्हे, पण निघाला त्याच्यावरच. “शेजारच्या गावात कोणी इतकं सांगितलं नाही. तुम्हालाच काय पडलंय?”

त्याने दप्तर बाजूला ठेवलं. “बाई, चौतीस वर्सं मी रूळ बघतो. तडा सापडला म्हून कोनी मला बोललं नाय. तडा लपवला तं गाडी पडंल. सापडलेल्या फाल्टाची दुरुस्ती होते. लपवलेला तोच खरा फाल्ट. तुमी तपासाया आल्या. मी दाखवलं.”

त्याला ती तपासणीच वाटली होती. कोणीतरी कागद घेऊन आलं, पोरीच्या सांभाळण्यातलं सैल काय ते विचारतं आहे, म्हणजे पाठोपाठ दुरुस्तीची टोळी येणार. चौतीस वर्षांत त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

चहा पिताना बोलता बोलता तो म्हणाला, बाळी गेल्यावर चार वर्षं अशी गेली की दिवसभरात त्याचा आवाज त्यालाच ऐकू यायचा नाही. बीटवर बोलायचं कोणाशी? घरी आल्यावर कोणाशी? “एकदा स्टेशनावर साहेबानं नाव इचारलं तं घसाच उघडंना.” मग ही आली. ही झोपेतसुद्धा बोलते.

रात्री मी अनिलला फोन केला. पंधरा दिवस थांब म्हटलं. पहिल्या वेळी माणूस गोंधळतो, पुन्हा विचारलं की आकडा खाली येतो. तो कबूल झाला. दुसऱ्या वेळी पंधराच्या आत आला तर प्रकरण बंद, नाहीतर कागद पुढे. सगळं त्या दुसऱ्या बेरजेवर आलं.

आणि इथे मी माती खाल्ली. त्या रविवारी बारकूकडून निघताना मला गाडी गाठायची होती. घाईघाईत मी बारकूला एवढंच सांगून आले होते, “पंधरा दिवसांनी आम्ही परत येऊ. हेच प्रश्न विचारू. नीट आठवून ठेवा.” फोनवर कबूल करून घेतलं ते त्याला जाऊन सांगावं, हे मला सुचलं नाही. आणखी एक. प्रश्नावलीच्या सुरुवातीला मजकूर असतो, की तुमची उत्तरं गुप्त राहतील, पण मुलाला धोका दिसला तर आम्हाला कळवावं लागेल. भाषांतर करताना ते वाक्य मला लांबलचक वाटलं. लोक कंटाळतात म्हणून मी ते उचलून पानाच्या तळाला टाकलं. रविना तळापर्यंत कधी वाचत नव्हती. घरोघरी तिने सांगितलं ते फक्त ‘गुप्त राहील’ इतकंच.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघी गेलो. बारकूने पोत्यावर चादर अंथरून ठेवली होती. आम्ही बसलो तसा तो आत गेला आणि शाळेची वही घेऊन आला. दोनशे पानी, वर फुलपाखराचं चित्र.

“आठवून ठेवा म्हणलात. मला ऱ्हात नाय ध्यानात. म्हून ल्हिवून ठेवलं.”

वही मी हातात घेतली. कीमनच्या डायरीसारख्या रेघा मारलेल्या. तारीख, वेळ, काय आढळलं. ‘ता. ४. सकाळी. दूध उतू गेलं. मनूवर ओरडलो.’ ‘ता. ६. बाहेरून कडी घातली. मनू झोपलेली. पाऊण तास.’ ‘ता. ९. मनू बोलत होती. मी ऐकलं नाही.’ ‘ता. ११. केस विंचरताना ओढले. रडली.’ मधे मधे वेगळं, गोल गोल अक्षर होतं. ‘भात करपवला.’ ‘मला म्हशी बोलला.’ ‘पाढे घेताना झोपला आणि घोरला.’

“हे कोणी लिहिलं?”

“मी!” मनस्वी पुढे सरकली. “आजाला समजत नाय ना कधी चुकला ते. मी सांगते. आजा, ल्ही, म्हणते. नाय ल्हिवलं तं मीच ल्हिते. परवा तं एका दिवसात पाच झाल्या.”

“लय कडक साहेब हाय,” बारकू म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. पंधरा दिवस त्या घरात हा खेळ चालला होता. संध्याकाळी दिव्याखाली दोघं वही घेऊन बसायची आणि दिवसभरातले त्याचे गुन्हे काढायची. ती वाडी ओस पडलेली असते त्या दिवसांत, याहून चांगली करमणूक कुठली?

रविना प्रश्न विचारत गेली, बारकू वहीतून उत्तरं वाचत गेला. ओरडलात का? अकरा वेळा. लक्ष दिलं नाही असं झालं का? सात वेळा, तारखा सांगू? रविनाचं पेन सावकाश होत होत थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बेरीज चव्वेचाळीस होती.

मी मनस्वीला पाणी आणायला पाठवलं आणि बारकूला सगळं सांगितलं. तळाचं वाक्य वाचून दाखवलं. चूक कोणाची आहे हेही सांगितलं. मला आडपडदा जमत नाही, आणि त्या दिवशी जमवायला नको होताच.

तो बराच वेळ वहीवरचं फुलपाखरू बघत होता.

“हे आधी माहीत असतं तर?” मीच विचारलं.

“तं मीबी नुसता चहा ठेवून नाय म्हणलं असतं,” तो म्हणाला.

“मग आता बदलू. रविना, नवा कागद काढ. बारकूभाऊ, आपण पुन्हा विचारू, तुम्ही ‘नाही’ म्हणा. सगळे म्हणतात.”

माझ्या तोंडून हे निघालं. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की आकड्याला हात लावायचा नाही.

बारकूने मान हलवली. “नाय बाई. एकदा लाल झेंडी लावली का आपल्या मनानं काढता येत नाय. साहेब येतो, बघतो, मंग निघते.” मग म्हणाला, “येऊ द्या. येऊन बघतील ना? बघितल्यावर कळंल.”

अनिलने दोन गोष्टी एकाच फोनवर सांगितल्या. एकशे अकरा घरांची दोन्ही वेळची उत्तरं जवळजवळ जुळतात, तेव्हा प्रश्नावली उत्तम ठरते. एक घर तेवढं भलतंच आहे, ते हिशेबातून वगळू. आणि त्याच घराचा स्कोअर वाढला आहे, म्हणजे परिस्थिती बिघडते आहे, तेव्हा कागद आजच पाठवतो.

“म्हणजे बेरजेतून काढायचा आणि कमिटीकडे धाडायचा,” मी म्हटलं.

“मॅडम, नियम आहे. उद्या त्या मुलीला काही झालं तर?”

मी फोन ठेवला.

मार्चमध्ये कमिटीची दोन माणसं आली. मी मुद्दाम हजर राहिले. ही तिसरी खेप. एक बाई अधिकारी होत्या, शांत, समजूतदार. मी त्यांच्याशी भांडायची तयारी करून गेले होते, तर भांडायला काही सापडेना. त्यांनी पोरीला जांभळीखाली नेऊन एकटीशी अर्धा तास गप्पा मारल्या. लांबून आम्हाला मनस्वीचे हातवारे दिसत होते. बारकूची नक्कल चालली होती, घोरण्याची. बाई हसत होत्या.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, “इथे छळ नाही. मी तसं लिहीन. मुलगी तुमच्यावर जीव टाकते.” तेवढ्यात नाशिककडे जाणारी गाडी गेली. भांडी वाजली. मग बाईंनी रुळाकडे पाहिलं. “पण आठ वर्षांची मुलगी रोज चार तास एकटी. आजूबाजूला माणूस नाही. रूळ इथून किती?”

“दीडशे पावलं,” बारकू म्हणाला. त्याने मोजलेली होती.

“ओलांडते ती?”

“शाळंत जाताना. दोन टायम.”

“अहो, इथल्या सगळ्या पोरांचं हेच आहे,” मी मधे पडले. “मग सगळ्या वाड्या उचला!”

“बाकीच्यांचा कागद माझ्याकडे आलेला नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. मग त्यांनी मार्ग सुचवला. मुरबाड तालुक्यात मुलींची एक आश्रमशाळा आहे, जूनमध्ये चौथीला जागा मिळेल, राहणं-जेवण तिथेच, महिन्यातून एकदा भेटता येईल, सुट्टीला घरी येईल. तुम्ही रिटायर झालात की परत आणा. तीन वर्षांचा प्रश्न आहे. जबरदस्ती नाही. पण तुमची संमती नसेल तर मला प्रकरण उघडं ठेवावं लागेल, आणि माझ्या जागी दुसरं कोणी आलं तर काय होईल सांगता येत नाही.

मी बारकूकडे पाहिलं. आता तरी हा भांडेल. तो डोळे मिटून बसला होता, प्रश्नाला बसायचा तसा.

“ते बरोबर हाय,” तो म्हणाला. “एकटी ऱ्हाते ते बरोबर नाय. मलाबी बीटवर तेच येतं मनात. गाडी गेली का येतं.”

“बारकूभाऊ!”

“बाई, फाल्ट मीच दाखवला. आता दुरुस्ती नको कशी म्हनू?”

पोरीला सांगायचं काम त्याने आमच्यावर टाकलं नाही. अंगणात उकिडवा बसून त्याने तिला सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, “मी भात करपवल्याचं ल्हिवलं म्हून?”

“नाय गो. भाताला एकच मार्क व्हता.”

संमतीच्या कागदावर त्याने सही केली. अक्षर चांगलं होतं. डायरीमुळे.

आता एक कबूल करते. शहापूरला माझं तीन खोल्यांचं घर आहे. मी एकटी राहते. माझ्या दारावरून शाळा सात मिनिटांवर. बारकू कामावर असतो ते तास, नाहीतर अख्खी तीन वर्षं, ती पोरगी माझ्याकडे राहू शकली असती. मार्चमध्ये त्या बाई तिथे बसलेल्या असताना हे मला सुचायला हवं होतं. मी कायद्यावर वाद घालत होते. सुचलं तेव्हा जुलै लागला होता, आणि मी भांडी पुसून एकच ताट फडताळात ठेवत होते.

अहवाल मी लिहिला. ज्याला लपवायचं आहे त्याला ही प्रश्नावली शून्य देते आणि जो सांगतो त्याला धरते. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं याचा अर्थ दोन्ही वेळा खरं उत्तर आलं असा होत नाही. तळाचं वाक्य वर घ्या आणि मोठ्याने वाचा. आणि जो माणूस आपणहून दोष दाखवतो त्याच्याकडे कमिटीच्या आधी मदत पाठवा. अनिलने एक शब्दही कापला नाही. फक्त ते सगळं ‘मर्यादा’ या मथळ्याखाली शेवटून दुसऱ्या पानावर गेलं.

ऑगस्टमध्ये मी चौथ्यांदा गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मनस्वीला माझ्याकडे ठेवण्याचं बोलायचं होतं, उशिरा का होईना. भातं लावून झाली होती. वाडी भरलेली होती, सगळ्या दारांच्या दोऱ्या सुटलेल्या, पोरं चिखलात, बाया ओरडताहेत. बारकूच्या घराशी मात्र आवाज नव्हता. तो दुपारचा कामावरून येऊन ओटीवर बसला होता.

“मनू कशी आहे?”

“बरी हाय. गेल्या आयतवारी गेलतो. शहापुरातनं किन्हवलीची एसटी, मंग फुडं मुरबाडकडची. पोचाया बारा वाजले. साठ पोरी हायेत. खो-खोत घेतलीय तिला. बोलाया टायमच नाय.” तो हसला. “वजन वाढलंय.”

मी माझं बोलणं काढलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, “आता नको बाई. रुळली ती. परत उचलायची, परत लावायची... रोप दोनदा लावत नाय.”

शेजारी ती फुलपाखराची वही होती. उघडून पाहिली. जूनच्या बारा तारखेपासून एकच ओळ. ‘आज काही नाही.’ ‘आज काही नाही.’ पानंच्या पानं. तारीख चुकलेली नाही, रेघ वाकडी नाही.

“हे कशाला लिहिता?”

“सवय. बीटवर काय सापडलं नाय तरी ल्हिवायला लागतं.” मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, “आणलेत का परश्न?”

होते. अहवालाच्या दिवसांपासून ते कागद पिशवीतच राहिले होते.

“मंग इचारा ना. आल्याच हायेत तं.”

मी विचारले. पहिल्यापासून. तो प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून आठवत होता. मारलंत का? नाय. ओरडलात का? नाय. वाईट नावाने हाक? नाय. बोलणं ऐकलं नाही असं झालं का? नाय. एकटं ठेवलंत का?

यावर जरा थांबला. “पोरीला ना? नाय. तिथं साठ जनी हायेत.”

चाळीस झाले. बेरीज शून्य. मुरबाडच्या त्या मोठ्या घराइतकी.

खालून एक मालगाडी जात होती. तो मान तिरकी करून चाकांचा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “झाले? अजून नाय का?”

“चाळीसच आहेत, बारकूभाऊ.”

“बरं.”

मी कागद घडी घालून ठेवले. मग छापलेलं नव्हतं ते विचारलं. “आज सकाळपासून कोणाशी बोललात?”

बारकूने डोळे मिटले आणि आठवू लागला.